शनिवार दुपारची माणसं

आपल्या पथकाच्या लोखंडी पेटीत दोर, शिट्या, विटलेले स्कार्फ आणि एक फाटका तंबू आहे. त्या सगळ्याच्या तळाशी हिशेबाच्या वह्या आहेत. त्यातल्या एका पानावर अंजनेरीच्या शिबिराचा खर्च मांडलाय : तूरडाळ, गूळ, मीठ, रॉकेल, सुतळी, मेणबत्त्या, एसटीचं भाडं. खर्च जमेपेक्षा जास्त झाला आहे आणि त्या फरकासमोर बारीक अक्षरात एकच शब्द आहे, ‘स्वतः’. कमी पडलेले पैसे स्काऊटमास्तरांनी खिशातून घातले, एवढाच त्याचा अर्थ. मी पुढच्या वह्याही चाळल्या. अक्षर बदलतं, शाई बदलते, रुपयांचे आकडे वाढत जातात; ‘स्वतः’ मात्र जवळपास प्रत्येक वहीत सापडतं.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या राष्ट्रीय संघटनेला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ७५ वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या शाळेच्या पथकांचा इतिहास मी लिहावा, असं समितीनं सांगितलं. ढाली, प्रमाणपत्रं, संचलनाचे फोटो पुढच्या पानांवर आहेतच. मला लिहायचंय ते फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसांबद्दल. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की बाकीचा शिक्षकवर्ग घरी जेवायला जातो आणि दोघं-तिघं डबा खाऊन मैदानावर थांबतात. त्यांना या कामाचा वेगळा पगार नाही. मी त्यांच्यातलीच एक. गाईड कॅप्टन म्हणून माझी पंचवीसहून अधिक वर्षं त्या मैदानावर गेली.

चळवळीचा उगम आपल्या मुलांना पाठ असतो, कारण प्रवेशाच्या चाचणीत तो विचारतात. १९०७ च्या १ ते ८ ऑगस्टला रॉबर्ट बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर सुमारे २० मुलांचं शिबिर घेतलं. श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं त्यांनी मिसळून चार टोळ्यांत वाटली. पुढच्या वर्षी ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या अंकांतून बाहेर पडलं. इथपर्यंत सगळे सांगतात. यानंतर जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तक वाचून गावोगावच्या मुलांनी आपापल्या टोळ्या बनवल्या, काठ्या घेतल्या, गळ्यात रुमाल बांधले आणि मग ती ओळखीच्या मोठ्या माणसांकडे गेली, की आमचे मास्तर व्हा. मुलींचंही तसंच. १९०९ च्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्याला काही मुली कुणी न बोलावता गणवेश करून हजर झाल्या, आणि त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ उभी राहिली. बेडन पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी ती सांभाळली. म्हणजे या चळवळीत मुलं आधी आली आणि मोठ्यांना त्यांनी शोधून आणलं.

माझंही तसंच झालं. १९८० च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी नोकरीत नवी होते. मधल्या सुट्टीत आठवीतल्या दोघी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आधीच्या बाई बदलून गेल्या होत्या आणि पथक बंद पडायच्या बेतात होतं. ‘बाई, तुम्ही आमच्या कॅप्टन व्हाल का?’ मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. त्यातली एक म्हणाली, ‘येत नसलं तरी चालेल, पण शनिवारी थांबाल ना?’ त्या वाक्यापुढे मला नाही म्हणता आलं नाही.

मागं वळून आपल्या गावाकडे पाहायला हवं. हिंदुस्थानातलं पहिलं स्काऊट पथक १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी सुरू केलं, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. गाईडचं पहिलं पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. त्याच १९०९ साली, २१ डिसेंबरला, नाशकात विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण नाशिककरानं त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मित्रमेळा आणि अभिनव भारत याच गावच्या गल्लीबोळांत जन्मले. इथं चार पोरं एकत्र जमून कवायत करू लागली की सरकारच्या कपाळाला आठी पडायची. आणि सरकारनं मान्य केलेल्या स्काऊटांकडे पाहून गावाच्या कपाळाला आठी पडली, तर तेही समजण्यासारखं होतं. राजाशी निष्ठेचं वचन आपल्या मुलानं का घ्यावं?

या पेचातून देशातल्या जाणत्यांनी आपला मार्ग काढला. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. यात्रेत, साथीत, पुरात धावून जाणं हे त्यांचं काम. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनीही या चळवळीला आयुष्य दिलं. बेडन पॉवेल स्वतः १९२१ मध्ये आले आणि १९३७ मध्ये पुन्हा आले, तरी सगळे एका छत्राखाली आले ते स्वातंत्र्यानंतरच. ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही तिच्यात मिसळल्या. वचनात आता राजा नाही, देश आहे. ज्याला ईश्वर म्हणायचं नसेल त्याला धर्म म्हणायची मुभा आहे. ही मुभा मला फार शहाणपणाची वाटते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कळतं की शब्द आपण निवडायचा आणि निवडलेला पाळायचा.

आमच्या आधीच्या पिढीचे एक ज्येष्ठ स्काऊटमास्तर हा सगळा इतिहास एका वाक्यात सांगत : ‘आधी आपल्याला शिट्टी वाजवू देत नव्हते, मग दुसऱ्याची शिट्टी वाजवायला सांगत होते, आता आपली आहे, तर नीट वाजवा.’ ते गेले. त्यांची पितळी शिट्टी पेटीत आहे.

आता पथक चालतं कसं, ते. ज्यांची मुलं कधी पथकात नव्हती त्यांना वाटतं, एक शिक्षक रांगा लावतो आणि मुलं कवायत करतात. रचना वेगळी आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ. मुलं त्याला पेट्रोल म्हणतात. त्याचा संघनायक मुलांमधलाच. चार संघांचं एक पथक, म्हणजे जास्तीत जास्त ३२ मुलं. संघनायकांची एक सभा असते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. हाईक कुठं न्यायची, वर्गणी किती, कोण कुठं चुकलं, हे सगळं तिथं ठरतं. मोठ्या माणसानं त्या सभेत बसायचं, पण बोलायचं कमी. ऐकायला सोपं आहे. सगळ्यात अवघड काम हेच आहे आणि चांगल्या चांगल्या शिक्षकांचा पाय इथंच अडखळतो. आम्ही शिक्षक माणसं; वर्गात बोलणं हाच आमचा धंदा. मूल चुकायच्या आत त्याला सावरायची आम्हाला सवय.

अंजनेरीच्या पायथ्याला एका शिबिरात मुलांचा एक संघ खिचडी करत होता. जाळ मोठा, पाणी कमी. आमचे स्काऊटमास्तर दहा पावलांवर दगडावर बसले होते आणि त्यांना वास आधी आला. मी उठले, तर त्यांनी हातानं खूण केली, बसा. खिचडी करपली. मुलं रडवेली झाली. दुसऱ्या संघानं आपल्यातली थोडी दिली, बाकी पोट गुळावर आणि शेंगदाण्यांवर भरलं. रात्री शेकोटीपाशी त्याच संघानं करपलेल्या खिचडीवर एक नाटुकलं बसवलं आणि सगळ्यांना हसवून हसवून लोळवलं. मला तेव्हा सरांचा राग आला होता. पोरं उपाशी राहतात आणि हा माणूस दगडावर बसून राहतो! पुढं मी स्वतः कितीतरी दगडांवर तशीच बसले. जाळ तंबूपर्यंत जाईल असं वाटलं तर एका ढांगेत पोचायचं; नुसती खिचडी करपत असेल तर बसून राहायचं. कुठं उठायचं आणि कुठं बसायचं हे कुठल्याच पुस्तकातून नीट कळत नाही.

तरी प्रशिक्षण हवंच. बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स आणि मग हिमालय वुड बॅज, अशा आमच्या पायऱ्या. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात मी गेले ती नाशिकरोडहून रेल्वेनं पिपरियापर्यंत आणि पुढं घाटातून बसनं. तिथं आम्हा मोठ्यांचेच संघ पाडले. चाळिशी-पन्नाशीचे मुख्याध्यापक, रेल्वेतले कर्मचारी, कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर, सगळे एका रांगेत भांडी घासायला. माझी संघनायक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती आणि तंबूभोवतीची चारी मी उथळ खणली म्हणून तिनं ती मला पुन्हा खणायला लावली. मुलांच्या जागी उभं राहिल्याशिवाय मुलांवर नेमू नये, हा त्यामागचा विचार. वुड बॅज म्हणून पुढं मिळणाऱ्या दोन लाकडी मण्यांची कथा सांगतात, की १९१९ मध्ये गिलवेल पार्कच्या पहिल्या वर्गाला बेडन पॉवेल यांनी झुलू राजा दिनिझुलूच्या माळेतले मणी दिले. माझे दोन मणी मुलीच्या लग्नातल्या दागिन्यांच्या डबीत ठेवलेले आहेत.

मुलींचं पथक चालवणं हे मुलांच्या पथकापेक्षा वेगळं काम होतं, आणि त्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पंचवटीतल्या वाड्यांमधून मुलीला रात्री घराबाहेर पाठवणं म्हणजे त्या काळी घरात तीन दिवस चर्चा. वडिलांपेक्षा आजीचा होकार मिळवावा लागे. मी शनिवारी संध्याकाळी घरोघर जायची. चहा व्हायचा. मग प्रश्न. झोपणार कुठं? दिवा असेल का? पाळी आली तर? हा शेवटचा प्रश्न आई मला स्वयंपाकघरात नेऊन विचारायची. पहिलं रात्रीचं शिबिर आम्ही मुद्दाम शाळेच्याच मैदानावर घेतलं आणि आयांना सांगितलं, रात्री कधीही या आणि बघून जा. रात्री दहाला सात-आठ आया आल्या. शेकोटी चालू होती. त्या कडेला उभ्या राहिल्या, मग बसल्या, मग गाऊ लागल्या. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघी मदतीला आल्या. एकीचे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, दुसरीचे ओझरच्या एचएएलमध्ये. त्या दोघींनी पथकाचं स्वयंपाकाचं सामान इतकं चोख लावलं की आजही त्यांनी शिवलेल्या मसाल्याच्या पिशव्या वापरात आहेत. शिक्षक नसलेल्या माणसांनी पथकाला काय दिलं, हे विचारलं तर मी आधी त्या पिशव्या दाखवते.

पुण्याच्या ‘संगम’ला आम्ही मुलींना नेलं तो दिवस वेगळा. जागतिक गाईड चळवळीची जगात मोजकी केंद्रं आहेत, त्यातलं हे एक, १९६६ मध्ये सुरू झालेलं. परदेशातून आलेल्या मुली तिथं होत्या. आमच्या मुली आधी भिंतीला टेकून उभ्या. मग कुणीतरी दोरीची गाठ मारून दाखवली, समोरच्या मुलीनं तीच गाठ मारली, आणि पुढचे दोन तास त्यांना भाषेची गरज पडली नाही. परतीच्या एसटीत एक मुलगी म्हणाली, ‘बाई, त्यांना पण डावा हात पुढं करायचा माहीत होता.’ आपला डाव्या हाताचा हस्तांदोलनाचा रिवाज तिला तोवर शाळेचा नियम वाटत होता.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या आधीच्या गाईडर मंडळींनी शांतपणे केली. आपली शाळा काळारामाच्या आवाजाच्या टप्प्यात आहे. ज्या मंदिराच्या दारापुढं २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला आणि वर्षानुवर्षं चालला, ते दार आमच्या मुली रोज ओलांडतात. शिबिरातला स्वयंपाक संघानं मिळून करायचा आणि एका पंगतीत खायचा, हा नियम सगळीकडे आहे. पण इथं तो पाळून घ्यायला मोठ्या माणसांना धीर लागला. काही घरांतून मुलीसोबत वेगळा डबा यायचा. त्यांच्यातल्या एका जुन्या बाईंनी कधी तो डबा परत पाठवला नाही आणि कुणाला बोलही लावला नाही. त्या स्वतः दरवेळी वेगळ्या संघाच्या पंगतीत बसायच्या आणि जे असेल ते मागून घेऊन खायच्या. काही वर्षांत डबे येणं थांबलं. स्काऊट-गाईडच्या नऊ नियमांत सर्वांशी मैत्री सांगितलेली आहे. तो नियम बाईंनी तोंडानं शिकवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सिंहस्थाचा उल्लेख केल्याशिवाय नाशिकच्या कुठल्याच पथकाचा इतिहास पुरा होणार नाही. १९८० मध्ये मी नवखी होते. पाण्याची पिंपं भरणं आणि चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांना पोलीस चौकीपर्यंत पोचवणं, इतकंच आमच्या मोठ्या मुलींकडे होतं. त्यात एक आजी होत्या, गावाचं नाव सांगता येईना, फक्त सुनेचं नाव सांगत होत्या. दोघी मुलींनी रामकुंडापासून तपोवनाच्या वाटेवर ते नाव हाका मारत फिरवलं आणि सून सापडली.

२००३ चा सिंहस्थ मात्र आमच्यासाठी दोन भागांत वाटला गेला. २७ ऑगस्टला सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. आमचे रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचे स्काऊट, त्या दिवशी नदीच्या दुसऱ्या अंगाला होते. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेकाची हजेरी घेत होतो. मोबाईल फारसे नव्हते. शेवटचा मुलगा आठ वाजता आला, कुणाच्या तरी मुलाला खांद्यावर घेऊन. त्यानंतर पथकाच्या मोठ्या माणसांची जी सभा झाली, तेवढी कडू सभा माझ्या आठवणीत दुसरी नाही. एक मत होतं, की यापुढं गर्दीत आपली मुलं नकोत. दुसऱ्याच्या लेकरांचा जीव आपल्या हाती आहे, सेवेच्या नावानं तो पणाला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? दुसरं मत होतं, की संकटात मागं सरायचं असेल तर ‘तयार राहा’ हे ब्रीद मुलांना शिकवायचं कशाला? दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं मनापासून बोलत होती. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी ठरलं ते असं : १८ वर्षांखालचं मूल गर्दीच्या रांगेत उभं करायचं नाही, त्यांचं काम मदत केंद्रावर, पाण्यावर, नोंदवहीवर. रांगेत उभं राहायचं ते मोठ्या रोव्हर-रेंजरनी आणि आम्ही. प्रत्येक चौघांमागे एक मोठं माणूस. २०१५ च्या सिंहस्थात बॅरिकेडमुळे लोकांना लांबलांब वळसे पडत होते, तेव्हा हीच रचना होती आणि ती नीट चालली.

सप्टेंबर २००८ च्या पुरातही तो नियम उपयोगी पडला. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय यावर नाशिककर पूर मोजतो. त्या दिवशी मोजायला मारुती पुरता दिसत नव्हता. सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी शिरलं. मुलांना घाटावर यायचं होतं, आम्ही येऊ दिलं नाही. पाणी ओसरल्यावर दोन दिवस त्यांनी घराघरांतला गाळ काढला. चौथीतले कब, म्हणजे लहान स्काऊट, वाचनाची पुस्तकं उन्हात उलगडून वाळवत होते. ते काम त्यांनीच शोधून काढलं होतं.

कब आणि त्यांच्याच वयाच्या मुली, म्हणजे बुलबुल, यांच्यावर खरं तर एक स्वतंत्र लेख हवा. तो आमच्या फ्लॉक लीडर पुढच्या पानांत लिहिताहेत.

आता अडचणींबद्दल. स्मरणिकेत त्या लिहू नयेत असा प्रघात आहे. मला तो पटत नाही.

पहिली अडचण माणसांची. मुलं कधीच कमी पडली नाहीत. दरवर्षी जूनमध्ये नाव नोंदवायला रांग लागते. कमी पडतात ती शनिवारी थांबणारी माणसं. बऱ्याच ठिकाणी, आणि आमच्याकडेही काही वर्षं, पथक हा ‘चार्ज’ झाला. अमुक शिक्षकाकडे परीक्षा विभाग, तमुकाकडे पोषण आहार, तुमच्याकडे स्काऊट. ज्याच्याकडे असा चार्ज आला त्याचा दोष मी काढणार नाही. त्याच्याकडे जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आधीच असतं. पण त्या वर्षांत पथक कागदावर उरलं. नोंदणी झाली, शुल्क भरलं, १५ ऑगस्टला गणवेश दिसला. पेटी मात्र उघडली गेली नाही. मुलं हुशार असतात. ती लगेच ओळखतात की सर आज घड्याळ बघताहेत.

दुसरी अडचण बक्षिसांची आणि गुणांची. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, ही वाट चांगली आहे. एकेका पायरीवर मूल खरंच काही शिकतं. पुरस्कारामुळे दहावीला सवलतीचे गुण मिळू लागले तसे काही पालक सातवीतच विचारायला येऊ लागले, की नेमकं काय केलं की होतं? आमच्यातल्या एका गटाचं म्हणणं, गुणांसाठी का होईना मूल येतं, एकदा आलं की त्याला दोरीची गोडी लागते. दुसऱ्याचं म्हणणं, की गुणांसाठी आलेलं मूल गुण मिळाले की जातं आणि जाताना दुसऱ्यांची गोडी घेऊन जातं. मी पहिल्या गटात होते. आता मला दोन्ही खरं वाटतं, मुलागणिक. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली माझी एक मुलगी नंतर पथकाकडे फिरकली नाही. आणि तृतीय सोपानात नापास झालेला एक मुलगा आज आमचा स्काऊटमास्तर आहे.

‘खरी कमाई’ म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम; त्याबद्दलही असंच. पूर्वी मुलं शेजारपाजारी जाऊन कामं करायची, सायकल पुसून द्यायची, दळण आणायची, आणि मिळालेले पैसे डबीत टाकायची. आता शाळेच्या पटांगणात खाऊचे ठेले लागतात; भेळ, वडापाव, सरबत. छान गर्दी होते. पण बरेचदा भेळ आईनं केलेली असते आणि मुलगा फक्त गल्ल्यावर बसतो. आमच्या पथकानं तीन वर्षांपूर्वी ठरवलं, की कांदा मुलानंच चिरायचा आणि चटणी मुलानंच वाटायची. पहिल्या वर्षी विक्री निम्म्यावर आली. दुसऱ्या वर्षी मिसळीच्या ठेल्यावर रांग होती, आणि ती मिसळ नववीतल्या मुलांनी केलेली होती. नाशिकच्या लोकांना मिसळ आवडणं सोपं नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

तिसरी गोष्ट काळानं आणली. आमच्या उमेदीत एक मोठं माणूस तीस मुलं घेऊन रामशेजला जायचं आणि कुणी विचारायचं नाही. मुघलांना पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवणारा तो किल्ला. मुलं अर्धी वरून दगडांऐवजी वाळकी बोंडं टाकायची आणि अर्धी खालून चढायची. आता दोन मोठी माणसं असल्याशिवाय निघायचं नाही, मुली असतील तर त्यात एक बाई हवीच, मुलाशी एकट्यानं बंद खोलीत बोलायचं नाही, पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर. काही जुने सहकारी म्हणतात, यानं विश्वास संपला. मी तसं म्हणत नाही. ज्या आजीनं चहा देऊन मला तीन तास प्रश्न विचारले, तिला हेच हवं होतं. तेव्हा ते तोंडी होतं, आता कागदावर आलं.

रेल्वेतल्या सहकाऱ्यांकडून आम्ही पुष्कळ शिकलो, तेही नोंदवायला हवं. रेल्वेची स्काऊट-गाईड शाखा स्वतंत्र आहे; त्यांच्याकडे कर्मचारी स्वतः पथक चालवतात आणि पाळी संपवून गणवेश चढवतात. त्यांच्या तंबूंच्या रांगा दोरी लावून आखलेल्या असत. आमच्या वाकड्या. एका जिल्हा मेळाव्यात त्यांच्यातले एक गृहस्थ रात्री अकरा वाजता हातात कंदील घेऊन आमच्या मुलांना तंबूचा खुंटा कोणत्या कोनात ठोकायचा ते दाखवत होते, आणि सकाळी सहाला त्यांची ड्युटी होती.

आजची स्थिती अशी. स्काऊट पथकात ३२ मुलं आहेत, गाईड पथकात ३२ मुली आणि प्रतीक्षा यादीत ११. मुलांकडे दोन मोठी माणसं आहेत. मुलींकडे एकच आहे, आणि ती एकेकाळची आपलीच बुलबुल. तिचं लहान मूल शनिवारी मैदानावर चटईवर झोपलेलं असतं. मी आठवड्याआड जाऊन बसते, पण गुडघे आता अंजनेरी चढत नाहीत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे, आणि चौघांमागे एक मोठं माणूस हा आमचा नियम पाळायचा तर आणखी किमान चार जण हवेत.

गेल्या शनिवारी गाईडच्या संघनायिकांनी त्यावर कोर्ट ऑफ ऑनर भरवली. मी कोपऱ्यात बसले होते आणि बोलले नाही. मुलींनी वहीच्या मागच्या पानावर विचारायच्या माणसांची यादी केली : दोन शिक्षिका, एक आई, आणि गेटवरच्या रखवालदारांची कॉलेजात जाणारी मुलगी. प्रत्येकीकडे कोणत्या दोघींनी जायचं तेही ठरलं. यादीतल्या एका शिक्षिकेबद्दल कुणीतरी शंका काढली, की त्यांना गाठी येत नाहीत. संघनायिका म्हणाली, गाठी आपण शिकवू, त्या शनिवारी कुठं जातात तेवढं आधी बघून या.